बोली आणि जात

जुन्या नकाशांत सेलेबीस म्हणून दाखविलेल्या व आज सुलावेसी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इंडोनेशियांतील बेटावर टार्सियर हा नरवानरगणांतील चिमुकला निशाचर प्राणी राहतो. वजन जेमतेम शंभर-सव्वाशें ग्रॅम. परंतु एकेक डोळा मेंदूएवढा! रात्रभर किडे टिपून पहांटे ढोलीकडे परततांना नर व मादी मिळून युगुलगीत गातात. मादीचा भाग लांब व चढउतारांचा, नराचा तुटक. यायोगें जोडप्याची गांठ दृढ होते व शेजाऱ्यांस हद्दीची सूचना मिळते, असें अभ्यासक मानतात.

मौज अशी कीं, बेटाच्या एका भागांतील गीत दुसऱ्या भागांत तसेंच ऐकूं येत नाहीं. मॅकिनन दांपत्यानें १९८० च्या सुमारास हा भेद नोंदविला. पुढें ध्वनिमुद्रणास आनुवंशिक पुराव्याची जोड मिळाली आणि २०१७ सालीं बेटाच्या उत्तर भागांतील, दिसावयास जवळजवळ सारख्याच अशा दोन जातींस स्वतंत्र नांवें देण्यांत आलीं. प्रथम जी बोली वाटली ती जात ठरली.

हा केवळ नांवांचा खेळ नव्हे. एकच जात सर्वत्र पसरलेली आहे असें मानलें, तर एखादें रान तुटल्याचें कोणास फारसें वाटत नाहीं. तें रान म्हणजेच एखाद्या जातीचें सारें घर आहे असें कळल्यावर कुऱ्हाडीचा हिशेब निराळा होतो. केवळ गाण्यावरून जात ठरवूं नये, हें खरें. पण गाणें न ऐकतां प्राण्यांची मोजदाद करणें हेंही अर्धेंच काम होय.

तथापि पालकांस एक विनंती. आमच्या भाषेंत 'जात' हा शब्द आधींच पुष्कळ ओझें वाहत आहे. 'प्राण्यांतही बोलीभेद' असें वाचून कोणी मनुष्याच्या बोलींसही निसर्गाच्या भिंती समजेल, ही आम्हांस भीति वाटते. मालवणी किंवा वऱ्हाडी मुलानें तोंड उघडतांच वर्गांत हंशा पिकतो, आणि घरोघरीं त्याची नक्कल होते. त्या मुलाचा हेल रक्तांतून आलेला नाहीं. तो आईच्या मांडीवर ऐकलेला आहे, आणि दुसरा हेल शिकण्यास त्यास वर्षही पुरतें. विल्टशायर परगण्यांतील फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, आणि १६१६ सालीं त्यांचें क्रिस्तपुराण मराठींत छापून निघालें. त्यांच्या जन्मगांवीं मराठीचा एक शब्दही कोणीं ऐकला नसेल.