मालकीणबाईंचा हिशोब

मैत्रिणींनो, लास व्हेगास म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? झगमगाट, जुगार आणि रात्रभर जागणारे रस्ते. खरं ना? लेकीकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा माझ्याही मनात तेच होतं. पण जावईबापू म्हणाले, "आई, दिवे रात्री बघू. आधी या गावाचं मूळ दाखवतो." आणि त्यांनी गाडी उभी केली ती एका रस्त्याच्या कडेला, कच्च्या विटांच्या जुन्या भिंतींजवळ. शेजारी नेवाडा राज्याने लावलेली इतिहासाची पाटी होती.

अशा पाट्या वाचायला आपण सहसा थांबत नाही. मी थांबले, आणि मग आतल्या छोट्या संग्रहालयातही गेले. तिथे भेटलेली एक बाई अजून मनातून जात नाही. आज तिचीच गोष्ट सांगते.

लास व्हेगास म्हणजे स्पॅनिश भाषेत कुरणे. या वाळवंटात गोड्या पाण्याचे झरे होते. मूळचे पायूट लोक त्या पाण्यावर राहत आले होते. १८५५ मध्ये मॉर्मन धर्मप्रचारकांनी इथे छोटा किल्ला बांधला आणि दोन-तीन वर्षांत सोडूनही दिला. पुढे तिथे गुराढोरांचं मोठं शेत झालं. तिकडे त्याला रँच म्हणतात. कर्जापोटी हे रँच आर्चिबाल्ड स्ट्युअर्ट नावाच्या व्यापाऱ्याकडे आलं आणि १८८२ मध्ये तो बायकोमुलांसह इथे राहायला आला. बायकोचं नाव हेलन. तिला यायचं नव्हतं. ना शेजारीण, ना शाळा, ना डॉक्टर. पण संसार म्हटला की जावं लागतंच!

जुलै १८८४. नवरा कामासाठी बाहेर गेलेला. एक गडी काम सोडून निघाला आणि पगार मागू लागला. हेलन म्हणाली, "मालक येईपर्यंत थांब." हिशोब सगळा नवऱ्याकडे! गडी चिडला, तिला नको ते बोलला आणि शेजारच्या रँचवर निघून गेला. नवरा परतला, त्याला हे कळलं, आणि तो बंदूक घेऊन तिकडे गेला. तो परत आलाच नाही. निरोप आला तो त्याचं प्रेत घेऊन जाण्याचा.

हेलन तेव्हा तीस वर्षांची होती. चार मुलं पदरात, पाचवं पोटात. शवपेटीसाठी लाकूड नव्हतं, म्हणून घराची दारं काढून पेटी केली. धर्मगुरू नव्हता, म्हणून प्रार्थनाही तिनेच म्हटली.

आणि मृत्युपत्र? तेही नव्हतं. मालमत्तेचे वाटे पडले, मुलं अज्ञान, आणि कारभार सगळा हिच्या गळ्यात. सुरुवातीला तिला हे सारं विकून निघून जायचं होतं. पण गिऱ्हाईक मिळेना. मग बाई हिशोब शिकली. गुरं, फळबाग, गड्यांचे पगार सगळं स्वतः बघू लागली. पुढे रेल्वे येणार अशी कुणकुण लागली तेव्हा तिने विकायचं सोडून उलट आणखी जमीन घेतली! १९०२ मध्ये सुमारे १,८०० एकर जमीन, पाण्यासकट, तिने रेल्वे कंपनीला ५५,००० डॉलरला विकली. घरच्यांच्या थडग्यांची चार एकर जागा मात्र दिली नाही. पायूट लोकांच्या वस्तीसाठी १९११ मध्ये सरकारला दहा एकर दिली तीही तिनेच.

१५ मे १९०५ ला रेल्वेने तिथल्या भूखंडांचा लिलाव सुरू केला, आणि दोन दिवसांत उन्हातान्हात गाव वसलं. आता गंमत बघा, १९९७ मध्ये तिथली प्रवासी गाडी बंद झाली. रेल्वेचं गाव, पण स्टेशनात उतरणारं कोणी नाही.

परतताना माझ्या डोक्यात एकच होतं. "मालक येईपर्यंत थांब" हे वाक्य आपण किती वेळा म्हणतो! दूधवाल्याला, सुताराला, सोसायटीच्या माणसाला. म्हणायला सोपं असतं ते.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "आपली कागदपत्रं कुठे असतात हो?" आधी थट्टा झाली, "का गं, मला घालवायची घाई झाली का?" मग कपाट उघडलं. विम्याच्या एका पॉलिसीवर नॉमिनी कोण, तर सासूबाई! त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. ह्यांचाही चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं जाऊन नाव बदलून आलो.

तेव्हा बायांनो, या रविवारी एवढं करा. एक वही घ्या. बँकेची खाती, विमा, घराचे कागद, कोणाचं देणं, कोणाकडून येणं, सगळं नवऱ्याजवळ बसून लिहून काढा. नॉमिनी आणि वारस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल, तर नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, प्रत्येक मूल आणि सासूबाई यांचे सारखे वाटे पडतात. राहतं घर आपोआप आपल्या एकटीचं होतं, असं समजून बसू नका. मृत्युपत्र दोघांनीही करावं. त्यात अशुभ काही नाही.

तुमचे "हे" चिडले, तर माझं नाव सांगा. आणि तरीही ऐकेनात, तर त्यांना हेलनबाईंच्या दारांची गोष्ट सांगा.