मिशी, मोबाईल आणि माणूसपण

सेल्फी काढणाऱ्या तरुणांना नावे ठेवणे सोपे आहे. दिखाऊ, रिकामटेकडे, स्वतःच्याच प्रेमात पडलेले अशी विशेषणे तयारच असतात. पण ते असे का करतात, याचा विचार कोण करतो? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ साली मांडले होते की, लोक आपल्याला कसे पाहतात असे आपल्याला वाटते, त्यावरून आपली स्वतःविषयीची भावना घडते. म्हणजे समाज हाच माणसाचा आरसा! मग आमचा सवाल असा की, या आरशाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तुच्छच दाखविले, त्यांनी काय करावे?

याचे उत्तर २०१७ साली गुजरातच्या तरुणांनी दिले. गांधीनगर जिल्ह्यातील लिंबोदरा गावात मिशा ठेवल्या म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी सप्टेंबरअखेरीस नोंदल्या गेल्या. त्यानंतर राज्यभरातील दलित तरुणांनी मिशांना पीळ देत सेल्फी काढले आणि सोशल मीडियावर टाकले. अनेकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मिशी, मुकुट आणि ‘मिस्टर दलित’ ही अक्षरे झळकली. याला दिखाऊपणा म्हणायचे काय? ज्या चेहऱ्याने मान खाली घालावी अशी व्यवस्थेची अपेक्षा होती, तो चेहरा कॅमेऱ्याकडे रोखून पाहत होता.

हे नवे नाही. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतःची सुमारे १६० छायाचित्रे काढून घेतली. कृष्णवर्णीयांची विटंबना करणाऱ्या व्यंगचित्रांना ते त्यांचे उत्तर होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारे दागिने आणि लुगडे नेसण्याची पद्धत सोडून देण्यास सांगितले, त्यामागेही हीच जाण होती. आपण कसे दिसावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही!

कायद्यानेही हे मानले आहे. बळजबरीने मिशी काढणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे गुन्हा ठरला असून त्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे. फोटोवरून कोणी जातीवाचक धमकी दिली तर ती पुसून टाकू नका, जपून ठेवा आणि पोलीस ठाणे गाठा. ‘आधी चौकशी करतो’ असे सांगून कोणी परत पाठवू लागले, तर २०१८ साली आलेले कलम १८-अ दाखवा. गुन्हा नोंदविण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे ते सांगते.

मात्र आमच्या तरुणांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. लिंबोदऱ्यानंतरचा सेल्फी एकट्याचा नव्हता, त्यामागे मार खाल्लेल्या भावाची वेदना होती. दर दहा मिनिटांनी लाइक मोजत बसणारा सेल्फी वेगळा. शंभर लाइक आले की फुगायचे, दहाच आले की खचायचे, ही पुन्हा दुसऱ्याच्या नजरेची गुलामीच झाली. ही तृष्णा कधी भागत नाही. स्वाभिमान लाइकवर अवलंबून राहू लागला, तर तो स्वाभिमान कसला?

म्हणून सेल्फी जरूर काढा, मिशीला पीळही द्या. पण मोबाईल खिशात गेल्यावरही मान ताठ राहिली पाहिजे.