बासष्टचे पासष्ट कसे झाले?

मुलांनो, ही मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा सराव असतो. हौशी रेडिओ म्हणजे ज्याला ‘हॅम’ म्हणतात तो. परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यायचा आणि आपल्या सेटवरून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या राज्यातल्या माणसाशी थेट बोलायचं. मध्ये तार नाही, मोबाइलचा टॉवर नाही, घरावर बांधलेली एरियल तेवढी असते.

त्या दिवशी सराव होता निरोप पोचवण्याचा. समजा, पूर आलाय, फोन बंद आहेत आणि मदत केंद्राला काय काय हवं ते कळवायचंय. माझ्या वाट्याला निरोप आला, ‘पिण्याच्या पाण्याचे कॅन बासष्ट.’ मी बोलले. पलीकडच्या काकांनी लिहून घेतलं आणि रीतीप्रमाणे परत वाचून दाखवलं, “पाण्याचे कॅन पासष्ट.”

“पासष्ट नाही काका, बासष्ट.”

“तेच म्हणतोय ना मी, पासष्ट!”

माझ्या वर्गातली दोन मुलं शेजारी बसून ऐकत होती. ती पोट धरून हसायला लागली. मला मात्र हसू येईना. सरावात तीन कॅन जास्त आले तर बिघडत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, २६ जानेवारी २००१ ला भुजला झाला, तेव्हा फोन बंद पडलेल्या भागातून हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले होते. तिथे आकडा जखमींचा असतो, औषधांचा असतो. तिथे बासष्टचे पासष्ट होऊन चालेल का?

मग काकांनी विचारलं, “ताई, आज माईक बदललाय का? आवाज गोधडीतून आल्यासारखा येतोय.”

बदलला होता खरा. त्याचं असं झालं. आदल्या रात्री मी खिडकी लावायला विसरले. टेबलावरचा माईक रात्रभर पावसात भिजला आणि मुका झाला. (वर्गात रोज सांगते, आपल्या वस्तू नीट ठेवा म्हणून!) पण मुख्याध्यापकांना विचारून शाळेच्या प्रार्थनेचा माईक मी शनिवारीच दुरुस्तीला घरी आणला होता. त्याची सैल झालेली तार बसवून झाली होती. म्हटलं, चला, आजच्यापुरता हाच लावू. माईक तो माईक!

तिथेच चुकलं.

आधी माझ्या सेटबद्दल थोडं सांगते. तो मी घरीच बनवलाय. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये ‘बिटएक्स’ नावाच्या सेटचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. बोलायचं यंत्र आणि ऐकायचं यंत्र एकाच पेटीत, म्हणजे ट्रान्सीव्हर. सगळे भाग साधे, बाजारात सहज मिळणारे. तारेची वेटोळी गुंडाळायला खास कडी मिळाली नाहीत तर काय वापरायचं, माहीत आहे? नळाचे वॉशर! ते वाचलं आणि मी त्या सेटच्या प्रेमातच पडले. अशा घरच्या सेटची गंमत ही, की बिघडलं तर दुकानात न्यायचं नाही, आपणच डोकं खाजवायचं.

तर मी डोकं खाजवलं. माझा भिजलेला माईक होता इलेक्ट्रेट जातीचा. शर्टाच्या बटणाएवढी डबी, मोबाइलच्या हेडफोनला असते तशी. त्यात पातळ पडदा असतो आणि पडद्यावर विजेचा भार कायमचा बसवलेला असतो. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी हा माईक बनवला. आपण बोललो की पडदा हलतो, पण त्यातून निघणारा इशारा फारच अशक्त. म्हणून त्या डबीतच एक इवलासा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. त्याला चालायला थोडी वीज लागते आणि ती सेटनेच पुरवायची असते. माझ्या सेटमध्ये ८ व्होल्टच्या टोकापासून ४.७ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून ती माईकच्या तारेवर येते.

प्रार्थनेचा माईक मात्र डायनॅमिक जातीचा. त्यात पडद्याला बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकात बसवलेलं असतं. आवाजाने पडदा हलला, वेटोळं हललं की वीज आपोआप तयार होते. सायकलच्या डायनमोसारखीच. याला बाहेरून वीज नको.

आता आपल्या शाळेचंच उदाहरण घ्या. एक मुलगा शाळेतली खिचडी खातो, दुसरा घरून डबा खाऊन येतो. खिचडीवाल्याला वाढलं नाही तर तो उपाशी राहील. इलेक्ट्रेटला वीज दिली नाही तर तो अगदी गप्प बसतो तसा. आणि डबा खाऊन आलेल्याला बळेबळे वाढलं तर? त्याचं पोट बिघडेल! माझ्या सेटने त्या डायनॅमिक माईकला बळेच वाढलं. वेटोळ्यातून साधारण दीड मिलिअँपिअर वीज सतत वाहत राहिली आणि तिने पडदा जागेवरून एका बाजूला ओढून धरला. मग तो मोकळेपणाने हलणार कसा? शिवाय डायनॅमिकचा इशारा इलेक्ट्रेटपेक्षा बराच दुबळा असतो. म्हणून आवाज बारीकही झाला आणि घोगराही.

असा आवाज सगळ्यात आधी व्यंजनं खातो. आरशासमोर उभं राहून ‘ब’ आणि ‘प’ म्हणा. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात. फरक असतो घशातल्या बारीकशा थरथरीचा. ती थरथर माईकने गिळली की झालं बासष्टचं पासष्ट.

उपाय काय केला? पहिला उपाय कंडेन्सरचा. कपॅसिटर असं पुस्तकात म्हणतात, आमच्याकडचे रेडिओ मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. त्याचा गुण असा, की एकसारखी वाहणारी वीज तो अडवतो आणि हलती, कमी-जास्त होणारी वीज जाऊ देतो. आवाजाचा इशारा सतत हलता असतो. माईक आणि सेट यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला. त्याची अधिक खुणेची बाजू सेटकडे, कारण व्होल्ट तिकडून येतात. घोगरेपणा गेला! पण आवाज बारीकच राहिला.

दुसरा उपाय मला फार आवडला. सेट वीज देतोच आहे, तर ती वाया का घालवा? त्याच विजेवर एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर चालवला. त्याचा कलेक्टर सेटच्या माईकच्या तारेला आणि बेस त्या कंडेन्सरमधून माईकला. कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये २२० किलोओहमचा रेझिस्टन्स. एमिटर सरळ जमिनीला, म्हणजे सेटच्या पत्र्याला. सगळं काडेपेटीत मावलं. सेटला वाटलं, आपला जुना इलेक्ट्रेटच आला!

मोठ्या उत्साहाने बोलायला गेले, तर काका म्हणाले, “ताई, हळू! आता शेजारच्यांनाही तुमचाच आवाज येतोय.” आवाज इतका वाढला होता, की सेटला पेलवेना. तो फाटून शेजारच्या कंप्रतांवर सांडत होता आणि तिथे बोलणाऱ्यांना त्रास होत होता. मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज असं थोडंच असतं? वर्गात सगळे एकदम ओरडून उत्तर देतात, तेव्हा मला कुणाचं कळतं का?

मग एमिटर आणि जमीन यांच्यामध्ये ४७० ओहमचा रेझिस्टन्स घातला. इथे सोपा भागाकार आहे. सेटमधला रेझिस्टन्स ४७०० ओहम, हा ४७०. म्हणजे आवाज साधारण दहापट वाढणार. तेवढाच हवा होता.

एक खोड मात्र उरली. बटण दाबून बोललं की मध्येच ‘घ्यांऽऽ’ असा आवाज उठायचा. या भुताला पकडायला संध्याकाळ गेली. सेट एरियलमधून लहरी फेकतो, त्यातल्याच थोड्या माईकच्या लांब तारेवर पडून परत सेटमध्ये शिरत होत्या. माईकची तार जिथे सेटमध्ये जाते, तिथेच तार आणि पत्रा यांच्यामध्ये १ नॅनोफॅरडचा चिमुकला कंडेन्सर डागला. भूत पळालं.

आणि हो, प्रार्थनेच्या माईकला बोलताना दाबायचं बटण कुठून असणार? मी दारावरच्या घंटीचं बटण वेगळ्या तारेने जोडलं. आई दोन दिवस म्हणत होती, “घंटी का वाजत नाहीये गं?”

आता कुणी विचारेल, बाई, माईकवर जात लिहिलेली नसते, मग ओळखायची कशी? मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि माईकच्या दोन टोकांना लावा. डायनॅमिक असेल तर साधारण २०० ते ६०० ओहमचा स्थिर आकडा येतो आणि टोक टेकवताच माईकमधून हलकासा ‘टक’ ऐकू येतो. इलेक्ट्रेटमध्ये तारा उलट्या लावल्या की आकडा बदलतो. त्याच्या डबीचं जे टोक बाहेरच्या पत्र्याला जोडलेलं दिसतं, ते जमिनीचं. क्रिस्टल माईक काहीच आकडा दाखवत नाही. आणि जुन्या डायलच्या काळ्या फोनमधला कार्बन माईक मिळाला तर तो हलवून बघा, आकडा नाचतो. आत कोळशाचे दाणे असतात ना! त्याला तर पंगतीचं जेवण लागतं. इलेक्ट्रेटला मिलिअँपिअरचा छोटासा भाग पुरतो, कार्बनला कित्येक मिलिअँपिअर.

तयार माईक विकत आणणाऱ्या ताई-दादांना एक सांगणं. पीन बसली म्हणजे माईक जुळला असं नाही. आठ टोकांचा गोल सॉकेट दोन कंपन्यांचा दिसायला सारखा असतो, पण कुठल्या टोकाला आवाज, कुठल्याला बटण आणि कुठल्याला वीज, हे वेगवेगळं असू शकतं. आधी नकाशा बघायचा, मगच जोडायचं.

प्रक्षेपण करायला परवाना हवाच, त्यात सूट नाही. पण तोवर तुम्हाला करता येईल असा प्रयोग आहे. घरात जुना टेपरेकॉर्डर असेल आणि त्याला माईकचं भोक असेल, तर त्यात कानात घालायचा जुना साधा इयरफोन लावा. रेकॉर्डचं बटण दाबून त्या इयरफोनशी तोंड नेऊन बोला. टेप मागे नेऊन ऐका. ऐकायचं यंत्र बोलायचं झालेलं असेल! कारण त्याच्याही पोटात वेटोळं आणि लोहचुंबकच आहे. आई-बाबांनो, टेपरेकॉर्डर सेलवर चालवू द्या, प्लगवर नको. आणि मल्टिमीटर भिंतीतल्या सॉकेटजवळ मुळीच नेऊ देऊ नका.

पुढच्या रविवारी मी प्रार्थनेच्या माईकवरूनच बोलले. निरोप होता, ‘चादरी बासष्ट.’ या वेळी मी सांगितलं, “बासष्ट. सहा, दोन.” आकडा एकेक अंक सुटा करून पुन्हा सांगायचा, ही हौशी रेडिओची जुनी रीत. मागच्या वेळी मीच ती विसरले होते, सगळा दोष माईकचा नव्हता. काकांनी वाचून दाखवलं, “चादरी बासष्ट. सहा, दोन. आवाज खणखणीत आहे ताई, कुठला माईक घेतला?”

“शाळेचा,” मी म्हटलं, “उद्या प्रार्थनेच्या आत परत करायचाय.”