आतली खोली नसलेल्यांची प्रार्थना

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात प्रभू येशूने प्रार्थनेविषयी एक साधी सूचना केली आहे. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नये. आतल्या खोलीत जावे, दार लावून घ्यावे आणि एकांतात पित्याशी बोलावे. रविवारच्या शाळेत हा भाग आमच्याकडून पाठ करून घेतला होता. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. ज्याच्या घरात आतली खोलीच नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न कोणाला पोरकट वाटेल. परंतु आमच्यासारख्या कितीतरी घरांत तो रोजचा आहे. आमच्या एका खोलीत आम्ही सहाजण राहतो. एका कोपऱ्यात शेगडी, दुसऱ्यात अंथरुणांची वळकटी, तिसऱ्यात टीव्ही आणि चौथ्यात माझी पुस्तके. दार आहे, पण ते लावले की उजेड आणि वारा दोन्ही बंद होतात. शेजारचा टीव्ही भिंतीतून आमच्याच घरात बोलतो. धाकट्या भावाच्या हातातला मोबाईल जेवतानाही गात असतो. त्यात कधी वरात, कधी जयंती, कधी नाताळ. प्रत्येकाचा कर्णा निराळा, पण आवाज सारखाच.

अशा घरात प्रार्थनेला निवांतपणा मिळत नाही असे म्हटले की वडीलधाऱ्यांकडून ठरलेले उत्तर येते, ‘इच्छा असली की वेळ काढता येतो. पहाटे उठावे!’ या उत्तरात अर्धे सत्य आहे, हे मी मान्य करते. गोंगाट ही काही केवळ आजच्या यंत्रयुगाची देणगी नव्हे. मार्काच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूम गावाची हकिकत आहे. संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठला आणि प्रार्थनेसाठी एकांत जागी गेला. पण तेथेही शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत पोहोचलेच! पुढे ६ व्या अध्यायात तर शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, म्हणून ते मचव्यात बसून निर्जन जागी निघाले, तर लोक पायी धावत त्यांच्याआधी तेथे हजर. येशूला त्यांचा राग आला नाही, कळवळा आला. म्हणजे ज्याने एकांताचा उपदेश केला, त्यालाही तो सुखासुखी मिळाला नव्हता. ही गोष्ट मला फार धीर देते.

आमच्या पाळकसाहेबांनी एकदा आणखी एक गोष्ट सांगितली. मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘आतली खोली’ या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा दुसरा अर्थ कोठीची खोली, कोठार असा होतो. लूकाच्या १२ व्या अध्यायात कावळ्यांना कोठार नसते, तरी देव त्यांना खाऊ घालतो, असे सांगताना हाच शब्द आला आहे. तेव्हा ज्यांच्याकडे अशी खोली नाही, त्यांचा देवाला विसर पडलेला नाही, एवढे तरी नक्की.

परंतु देवाला विसर पडला नाही म्हणून माणसांनी विसरावे काय? माझे म्हणणे येथून सुरू होते. शांत वेळ ही एकेकट्याने कमवायची वस्तू आहे असे आपण धरून चालतो. मला वाटते, ती एकमेकांनी एकमेकांना द्यायची वस्तू आहे.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहा. तुकाराम महाराज एकांतासाठी देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनाही तुकोबांविषयी अपार प्रेम होते, म्हणून त्यांची आठवण आम्हा ख्रिस्ती मुलांना परकी वाटत नाही. पण तुकोबांची जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत असे, असे परंपरा सांगते. डोंगरावरच्या एकांताचा मान आपण तुकोबांना देतो. त्या एकांताची भाकरी कोणी वाहिली, हे मात्र फारसे विचारीत नाही.

आमच्या घरी आई चारला उठते, कारण साडेचारला नळ येतो. पाणी भरताना, भाकऱ्या थापताना तिचे ओठ हलत असतात. ती प्रार्थना करीत असते. यावर कोणी म्हणेल, ‘मग झाले तर! काम करता करता प्रार्थना होते.’ सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू होऊन गेले. मठाच्या स्वयंपाकघरात भांड्याकुंड्यांच्या आवाजातही देवाच्या सान्निध्यात राहता येते, असा त्यांचा अनुभव होता. १६९१ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांची पत्रे आणि संभाषणे छापली गेली व जगभर वाचली गेली. त्यांचा अनुभव खोटा नाही. आईकडे पाहिले की तो पटतो. पण ब्रदर लॉरेन्स मठात राहत होते. तेथे उपासनेचे तास ठरलेले होते आणि त्या तासांना सारा मठ शांत होत होता. आईच्या दिवसात असा एकही तास नाही. चुलीपुढे प्रार्थना होते हे तिचे मोठेपण आहे; पण ते आपल्याला सोयीचे आहे म्हणून तिला पंधरा मिनिटांचा निवांतपणाही न देणे, याला मी भक्ती म्हणणार नाही.

आता थोडे आम्हा ख्रिस्ती लोकांविषयीही बोलले पाहिजे, कारण गोंगाट नेहमी दुसऱ्याचाच असतो असे मानणे सोपे असते. आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यांनुसार वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि काही ठराविक दिवसांची सवलत सोडली तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. त्याच वर्षी, ३० ऑगस्ट रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. दुसऱ्यांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा त्याचा आशय होता. हा खटला कोणत्या आवाजावरून होता? चेन्नईतील एका चर्चमधील ध्वनिक्षेपक आणि ढोल यांच्या आवाजावरून! भजन मला मनापासून आवडते. पेटी, तबला, झांज यांच्याशिवाय आमची मराठी उपासना मला कल्पनेतही आणवत नाही. पण भजन आणि भोंगा यांत फरक आहे. आमच्या प्रार्थनेने शेजारच्या आजारी म्हाताऱ्याची झोप मोडत असेल, तर ती त्याच्या कानांपर्यंत पोहोचली; देवापर्यंत पोहोचली की नाही, याची मला शंका आहे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. येथे येऊन मला काय मिळाले असे कोणी विचारले, तर पुस्तके आणि प्राध्यापक यांच्याबरोबर मी आणखी एका गोष्टीचे नाव घेईन. ती म्हणजे ग्रंथालयाची अभ्यासिका. इतकी शांत जागा मी आयुष्यात प्रथमच पाहिली. तेथे शंभर मुले बसलेली असतात, पण प्रत्येकाने दुसऱ्यासाठी आपला आवाज आवरलेला असतो. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत पुस्तक उघडे ठेवून मी कितीदा तेथे मनातल्या मनात प्रार्थना केली आहे. माझ्या शेजारी बसलेल्या मुसलमान आणि हिंदू मैत्रिणींना ते ठाऊक नव्हते, तरी ती शांतता त्यांनीच मला दिली होती. शंभर जणांत एकांत मिळू शकतो, हे मला तेथे समजले.

मग हे घरी आणि मंडळीत का होऊ नये? घरातल्या सर्वांनी मिळून रोजची पंधरा मिनिटे ठरवावीत. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. ज्याला प्रार्थना करावयाची आहे त्याने ती करावी, ज्याला अभ्यास करावयाचा आहे त्याने अभ्यास करावा, आणि आईने काहीही न करता नुसते बसले तरी चालेल. पाणी त्या दिवशी भावाने भरावे. भाऊ कुरकुर करील, पण भरील.

मंडळीच्या पंचांना माझी एक विनंती आहे. आमची उपासनामंदिरे रविवारी तीन-चार तास उघडतात आणि उरलेला आठवडा त्यांना कुलूप असते. गावातली सर्वांत प्रशस्त, सर्वांत शांत जागा सहा दिवस बंद, आणि तिच्याभोवती एकेका खोलीत सहा-सहा माणसे! चोरीची भीती मला कळते. पण रोज संध्याकाळी एक तास कोणीतरी पाळीपाळीने किल्ली घेऊन बसले तर काय बिघडेल? प्रवचन नको, पेटी नको, ध्वनिक्षेपक तर नकोच. नुसती बाके आणि उघडे दार. किल्लीची पहिली पाळी मी घेईन. ज्यांच्या घरात आतली खोली नाही, त्यांची आतली खोली ती होईल.