गुन्ह्यांचा आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले का?



या ब्लॉगवर आपण एरवी शुगर, बीपी, थायरॉईड याबद्दल बोलतो. आजचा विषय गुन्ह्यांच्या आकडेवारीचा आहे. डॉक्टरचा त्याच्याशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. माझ्या मते संबंध अगदी जवळचा आहे.

हे आकडे येतात कुठून?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजेच एनसीआरबी, १९८६ साली स्थापन झाला. देशभरातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल मात्र १९५३ पासून निघतो. आपल्या अमडापूर पोलीस ठाण्यात नोंदलेला गुन्हा जिल्ह्याच्या आकड्यात जातो, तिथून राज्याच्या आणि शेवटी देशाच्या. म्हणजे या अहवालात *घडलेले* गुन्हे नसतात, *नोंदलेले* गुन्हे असतात. सगळी गफलत इथेच होते.

आमच्या भाषेत सांगतो. एखाद्या तालुक्यात टीबी शोधण्याची मोहीम जोरात झाली की रुग्णांचा आकडा वाढतो. टीबी तर आधीपासूनच होता, तो आता सापडला एवढेच. त्याउलट जिथे कोणी थुंकीच तपासत नाही, तिथे कागदावर टीबी शून्य. अशा गावाला निरोगी म्हणाल का?

गुन्ह्यांचेही तसेच आहे. २०२२ मध्ये देशात महिलांविरुद्धचे ४ लाख ४५ हजार २५६ गुन्हे नोंदले गेले. आदल्या वर्षीपेक्षा ही संख्या सुमारे ४ टक्क्यांनी जास्त होती. लगेच टीव्हीवर चर्चा सुरू झाल्या. पण ही वाढ अत्याचाराची आहे की तक्रार करायला धजावणाऱ्या बायकांची, हे एकटा हा आकडा सांगूच शकत नाही.

आणखी एक बारकावा. एकाच एफआयआरमध्ये अनेक कलमे असली, तरी मोजताना फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरतात. हुंडाबळीची केस हुंडाबळी म्हणून मोजली जाते. त्याआधी वर्षानुवर्षे झालेला छळ वेगळा दिसत नाही.

न नोंदलेले कसे कळते?

त्यासाठी दुसरे साधन आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्यात बाईला एकांतात विचारतात. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी सांगितले की नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाली आहे. म्हणजे दहातल्या जवळजवळ तिघी. आणि हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले.

२०२२ मध्ये पती व नातेवाइकांकडून छळाचे नोंदलेले गुन्हे होते सुमारे १ लाख ४० हजार. एक आकडा आयुष्यभराचा, दुसरा एका वर्षाचा, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका. पण दरी किती मोठी आहे, ते कळायला हिशेबनीस लागत नाही.

ती बाई पोलिसांत जात नाही, दवाखान्यात मात्र येते

ती येते डोकेदुखी घेऊन, झोप लागत नाही म्हणून, अंगदुखी जात नाही म्हणून. कधी हाताच्या बाहेरच्या बाजूला वळ असतो, कारण मार चुकवायला आपण हातच पुढे करतो. काही वळ ताजे, काही पिवळे पडलेले. सोबतचा माणूस तिला बोलू न देता स्वतःच उत्तर देतो, "मोरीत घसरून पडली." बऱ्याच केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. तिथेच देशाचा एक आकडा कमी होतो.

यावर उपाय आपल्याच राज्यात सापडला आहे. २००० च्या सुमारास मुंबई महानगरपालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. डॉक्टर आणि नर्सना खुणा ओळखायला शिकवले, आणि समुपदेशन त्याच इमारतीत दिले. बाईला "कुठे चाललीस?" याचे उत्तर सोपे झाले, दवाखान्यात.

ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या सर्जनने वेगळी वाट धरली. मारहाणीत जखमी झालेल्यांना दवाखान्यातच विचारायचे, कुठे, केव्हा, कशाने. नाव वगळून ती माहिती पोलीस आणि नगरपालिकेला द्यायची. पोलिसांना ठाऊक नसलेल्या जागा त्यातून उघड झाल्या, बंदोबस्त तिथे हलला, आणि हिंसेमुळे दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तशाच इतर शहरांच्या तुलनेत लक्षणीय घटले.

माझे स्पष्ट मत आहे, अशी नोंद चिखली-बुलढाण्यातही शक्य आहे. मशीन लागत नाही. एक रजिस्टर, एकांताची एक खोली आणि विचारायला शिकलेली एक नर्स पुरे. गुन्हे रोखायचे तर आधी ते कुठे होतात ते दिसले पाहिजे. निदानाशिवाय औषध देऊ नये, हा नियम फक्त आम्हा डॉक्टरांपुरता नाही.

तुम्ही काय करू शकता?

- जखम कशी झाली ते डॉक्टरांना खरे सांगा. सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगा, असे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.
- २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार, आधी तक्रार केली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झालेल्या व्यक्तीवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार करायचे असतात.
- केसपेपर आणि रिपोर्ट जपून ठेवा. पुढे तोच पुरावा ठरतो.
- तातडीची मदत ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८.
- शेजारी भांडण ऐकू आले तर "त्यांच्या घरातले आहे" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवू नका. जाऊन दार वाजवा, नाहीतर ११२ ला फोन करा.

पुढच्या वेळी पेपरात "गुन्हे वाढले" किंवा "गुन्हे घटले" असे वाचाल, तेव्हा एकच प्रश्न विचारा: वाढले ते गुन्हे, की नोंदी? आणि आपल्या जिल्ह्याचा आकडा कमी दिसला, तर पेढे वाटण्याआधी थुंकी न तपासणारे ते गाव आठवा.

काळजी घ्या. स्वतःची, आणि भिंतीपलीकडच्या घराचीही.