एका दिवसांत शिखर

सहलींची यादी करावयास बसलें कीं, वरच्या वर्गांतील मुलें दरवर्षीं एकच नांव घेतात: कळसूबाई. अकोले तालुक्यांतील हें शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५,४०० फूट उंच असून महाराष्ट्रांत त्याहून उंच दुसरें नाहीं. बारी गांवाहून तीन-चार तासांत माथा गांठतां येतो व दिवस मावळण्यापूर्वीं परतही येतां येतें. तेव्हां ‘एका दिवसांत कळसूबाई’ या बेतास आमचा विरोध आहे, असें कोणीं समजूं नये. आमचा आक्षेप इतकाच कीं, या बेतांत चढण्याची वेळ ठरलेली असते, परत फिरण्याची नसते.

ही चूक आम्हीं स्वतः केली आहे, म्हणून लिहितों. २०१७ सालच्या डिसेंबरांत न्याहारी लांबली आणि बारी सोडावयास साडेदहा वाजले. एका लोखंडी शिडीखालीं एक मुलगा मटकन् बसला. “सर, तुम्ही व्हा पुढें, मी बसतों येथेंच,” तो म्हणाला; आणि बाकीच्यांच्या उतावळेपणास भुलून आम्हीं तें ऐकलें. माथ्यावर देवीचें लहानसें देऊळ, एकीकडे अलंग, मदन, कुलंग, दुसरीकडे भंडारदऱ्याचें पाणी. तेथें घड्याळाकडे कोण पाहतो! परत शिडीपाशीं आलों, तों मुलगा जागेवर नाहीं. तो एकटाच उतरूं लागला होता. दिवेलागणीनंतर तो एका शेताच्या बांधावर सांपडला. पाय मुरगळलेला, आणि गांवांतील एक म्हातारे बाबा विजेरी घेऊन त्याच्यापाशीं बसलेले. शोधाच्या त्या तासाभरांत, त्याच्या आईस काय सांगावें, याचींच वाक्यें आम्ही मनांत जुळवीत होतों.

उतरणें सोपें, अशी एक समजूत आहे. चढतांना लागलेला दम घटकाभर बसल्यानें जातो. उतरतांना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतांनाच देहाचा भार पेलतात. तो थकवा बसल्यानें जात नाहीं, आणि ऐन पायरीवर गुडघा दगा देतो. शिवाय तोंवर पाणी संपलेलें व उजेड ओसरलेला असतो.

जपानांतील फूजी पर्वत ३,७७६ मीटर उंच. रात्रभर न थांबतां चढून सूर्योदय गांठावयाचा व तसेंच उतरावयाचें, या प्रकारास तेथें ‘बंदुकीच्या गोळीची चढाई’ अशा अर्थाचें नांव पडलें आहे. विरळ हवेची संवय होण्यापूर्वींच वर गेल्यामुळें लोक आजारी पडत. अखेर २०२४ सालीं योशिदा वाटेवर फाटक बसलें. वर मुक्कामाची जागा राखून न ठेवणारांस तें दुपारीं चारपासून पहांटे तीनपर्यंत बंद असे. २०२५ सालीं दुपारची वेळ दोनवर आणली. कळसूबाईस विरळ हवेचें भय नाहीं, हें खरें. घाई मात्र तीच.

आमची सूचना अशी: बारी सकाळीं सहास सोडावी. दुपारीं बारा वाजतां जो जेथें असेल तेथून त्यानें मागें फिरावें, माथा शंभर पावलांवर असला तरीही. आणि थकून बसणाऱ्यापाशीं एका शिक्षकानें थांबावें. “सर, मग शिखर पाहिलें असें घरीं कसें सांगावयाचें?” असें एकानें आम्हांस विचारलें. सांगूं नये, शिडीपर्यंत गेलों होतों असें सांगावें, त्यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं.

यंदा पालकांस जी चिठ्ठी जाईल, तींत परतण्याची वेळ पहिल्याच ओळींत छापावी, असें आम्हीं मुख्याध्यापकांस कळविलें आहे. शिडीपाशीं थांबावयास या खेपेस आम्हीच तयार आहों. माथा आमचा पाहिलेला आहे.