आधी घड्याळ पाहा

घरात कोणाला लकवा मारला की पहिला प्रश्न निघतो, "न्यायचं कुठं?" कोणी अमुक गावचे औषध सुचवतो, कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो, कोणी तेल गरम करायला घेतो. खाला, मामू, चाचा जमतात, फोन होतात आणि सल्लामसलतीत तीन-चार तास निघून जातात. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा : "किती वाजले?"

लकवा हातापायांत दिसतो, पण आजार असतो मेंदूचा. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकते किंवा ती नळी फुटते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर शरीराची डावी बाजू लुळी पडते. मग नुसता हात चोळून काय होणार? मोठी नळी बंद पडली आणि उपचार झाला नाही तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. शाळेची एक तासिका ३५ मिनिटांची धरली, तर तेवढ्यात साडेसहा कोटींहून अधिक!

ओळखायचे कसे? अब्बांना हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते का पाहा. दोन्ही हात वर करायला सांगा; एक खाली येतो का? नाव विचारा; जीभ अडखळते का? अचानक यातले एकही दिसले तर वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. फजरला उठल्यावर त्रास लक्षात आला, तर रात्री त्यांना शेवटचे ठीक केव्हा पाहिले होते, ती वेळ सांगा. पाणी, चहा, औषध काही पाजू नका. गिळता न आल्याने ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

रुग्णालय असे निवडा, जिथे सीटी स्कॅन रात्रीही चालू असते. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही आणि दोन्हींचे उपचार उलटे आहेत. गुठळी असेल आणि रुग्णाच्या बाबतीत योग्य असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देतात. मोठी गुठळी जांघेतून बारीक नळी घालून काढता येते. काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते. तिथे रक्तदाब आवरावा लागतो, कधी न्यूरोसर्जनकडून शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच घरच्या घरी ॲस्पिरिनची गोळीही देऊ नये.

दोन गोष्टी आणखी सांगायच्या आहेत. हात दहा मिनिटे लुळा पडून पूर्ववत झाला, तर "अल्लाहचे शुक्र, टळले" म्हणून घरी बसू नये. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी तपासणी हवी.

दुसरी गोष्ट बाळंतिणीची. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत सतत वाढणारी डोकेदुखी, उलट्या, अंधूक दिसणे, झटके येणे, ही मेंदूतील शिरेत रक्त गोठल्याची लक्षणे असू शकतात. हा आजार क्वचित होतो, पण झाला की घरातले "असर झाला" म्हणतात आणि सून दिवसेंदिवस ताबिजांच्या आधारावर पडून राहते. एमआरआयने निदान होते, रक्त पातळ करणाऱ्या औषधाने बहुतेक जणी बऱ्या होतात. दुआ जरूर करा, पण ती रुग्णवाहिकेत बसूनही करता येते. बाळंतिणीला पाणी तोडू नका. अंगातले पाणी कमी झाले की रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

खर्चाच्या धास्तीनेही पाय अडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत घ्या आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

आपल्या तालुक्याजवळ रात्री-अपरात्री सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे मिळते, याची चौकशी याच आठवड्यात करा. त्या रुग्णालयाचा नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, म्हणजे घरात एकट्या असलेल्या दादीलाही तो वाचता येईल.